विश्लेषण : एआय एजंट कोड तपासतो, पण त्याच्या हातातली पुस्तिका कोण तपासणार?

अमरावती, बडनेरा, अकोला, शेगाव येथील अभियांत्रिकीचे अंतिम वर्षाचे विद्यार्थी असोत, की पतसंस्था, शाळा आणि कृषी केंद्रांसाठी सॉफ्टवेअर करून देणारे छोटे व्यावसायिक, कोड लिहिण्याचे आणि तपासण्याचे काम एआय एजंटवर सोपवण्याची सवय वाढते आहे. एजंट स्वतःच तपासणीचे साधन चालवतो, निकाल वाचतो आणि ‘कोडमध्ये दोष नाही’ असा निर्वाळा देतो. हा निर्वाळा कितपत खरा, हे बऱ्याचदा त्या साधनासोबत आलेल्या माहितीपुस्तिकेवर, म्हणजे डॉक्युमेंटेशनवर ठरते. पुस्तिका अपुरी असेल, तर साधन चांगले आणि एजंट हुशार असूनही निकाल चुकतो. मग या पुस्तिकेचा दर्जा मोजायचा कसा?

कोड तपासणारे साधन म्हणजे काय?

प्रोग्रॅम प्रत्यक्ष न चालवता, त्याचा मजकूर वाचून त्यातील संभाव्य चुका दाखवणारे सॉफ्टवेअर म्हणजे कोड विश्लेषण साधन. एखादे चल वापरले पण त्याला किंमतच दिली नाही, पासवर्ड थेट कोडमध्ये लिहून ठेवला, वापरकर्त्याने टाइप केलेला मजकूर न तपासता डेटाबेसला पाठवला, असे दोष ते ओळीच्या क्रमांकासह दाखवते.

अशा साधनांच्या घराण्यातील एक जुने नाव ‘लिंट’. अमेरिकेतील बेल लॅब्जमध्ये स्टीफन जॉन्सन यांनी १९७८ मध्ये सी भाषेतील प्रोग्रॅमसाठी ते तयार केले. वऱ्हाडाला हा शब्द नवा नाही. जिनिंगमध्ये सरकी वेगळी केल्यावर जी रुई उरते तीही लिंटच. जॉन्सन यांच्या साधनाचे नाव मात्र कपड्याला चिकटलेल्या बारीक तंतूंवरून आले. कोडला चिकटलेला असा कचरा वेचून काढायचा, ही त्यामागची कल्पना. पुढे जावास्क्रिप्टसाठी ‘ईएसलिंट’, पायथॉनसाठी ‘पायलिंट’, अनेक भाषांतील सुरक्षा दोषांसाठी ‘सेमग्रेप’ आणि ‘कोडक्यूएल’ अशी साधने आली. ईएसलिंट आणि पायलिंट मोफत आहेत आणि साध्या लॅपटॉपवर चालतात.

एआय एजंट इथे काय करतो?

नेहमीचा चॅटबॉट प्रश्नाचे उत्तर देऊन थांबतो. एजंट थांबत नाही. ‘या प्रकल्पातील सुरक्षा दोष शोध आणि दुरुस्त कर’ असे सांगितले की तो फायली उघडतो, कोणते साधन वापरायचे ते ठरवतो, आदेश देतो, आलेला निकाल वाचतो, कोड बदलतो आणि पुन्हा तपासतो. अशा दहा-वीस फेऱ्या माणसाने हात न लावता होऊ शकतात.

एजंट आणि साधने जोडण्यासाठी नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रोपिक कंपनीने ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ हा खुला मानक आणला. या पद्धतीत प्रत्येक साधन आपले नाव, आपण काय करतो याचे छोटे वर्णन आणि कोणती माहिती कोणत्या स्वरूपात द्यायची याचा तक्ता एजंटला देते. हे चार ओळींचे वर्णनही डॉक्युमेंटेशनच आहे. एजंट कोणते साधन उचलणार, हे बरेचसे त्या चार ओळींवर ठरते.

माणसाला चालणारी पुस्तिका एजंटला का पुरत नाही?

नव्याने नोकरीला लागलेला मुलगा पुस्तिकेत अडला, तर शेजारच्या टेबलावरील दादाला विचारतो. स्क्रीनवरील चित्र पाहतो, दोनदा चुकतो, तिसऱ्यांदा शिकतो आणि ते पुढच्या महिन्यातही लक्षात ठेवतो. एजंटचे तसे नसते.

पहिली गोष्ट, तो प्रामुख्याने मजकुरावर चालतो. ‘खालील चित्रात दाखवल्याप्रमाणे बटण दाबा’ असे लिहिले आणि सगळी माहिती चित्रातच ठेवली, तर ती त्याच्यापर्यंत पोहोचेलच असे नाही. दुसरी, त्याच्या वाचनाला मर्यादा आहे. एका वेळी ठरावीक मजकूरच तो डोळ्यांसमोर ठेवू शकतो आणि वाचलेल्या प्रत्येक तुकड्याचे पैसे लागतात. कामाची ओळ तीनशे पानांच्या पुस्तिकेत दोनशे अठराव्या पानावर असेल, तर ती नसल्यातच जमा. तिसरी, एजंटच्या प्रशिक्षणात त्याच साधनाच्या जुन्या आवृत्त्यांची माहिती शिरलेली असते. समोरची पुस्तिका स्पष्ट बोलली नाही, तर तो त्या जुन्या आठवणीवर विसंबतो. चौथी आणि सर्वांत महत्त्वाची, अडल्यावर तो गप्प बसेलच असे नाही. रिकामी जागा तो अंदाजाने भरतो, आणि तो अंदाज खऱ्या उत्तराइतक्याच ठामपणे मांडतो.

नेमकी गल्लत कुठे होते?

सर्वांत साधे उदाहरण निकालाच्या आकड्याचे. काम संपल्यावर प्रत्येक साधन संगणकाला एक आकडा परत देते. त्याला एक्झिट कोड म्हणतात. ढोबळ रूढी अशी की शून्य म्हणजे सगळे ठीक, इतर काहीही म्हणजे गडबड. पण तपशिलात प्रत्येक साधनाची रीत वेगळी आहे.

ईएसलिंटमध्ये ० म्हणजे त्रुटी नाही, १ म्हणजे कोडमध्ये त्रुटी सापडली, आणि २ म्हणजे खुद्द साधनच अडखळले, बहुधा त्याच्या सेटिंगमध्ये चूक आहे. १ आणि २ मधला फरक मोठा आहे. पहिल्यात तपासणी झाली, दुसऱ्यात झालीच नाही.

पायलिंटची रीत आणखी निराळी. तेथे गंभीर बिघाडाला १, त्रुटीला २, इशाऱ्याला ४, रचना सुधारण्याच्या सूचनेला ८, लेखनशैलीच्या सूचनेला १६ आणि आदेशच चुकीचा दिला असेल तर ३२ असे आकडे आहेत, आणि त्यांची बेरीज परत येते. म्हणजे ६ आला तर त्रुटी आणि इशारा दोन्ही सापडले. २० आला तर एकही त्रुटी नाही, फक्त इशारे आणि शैलीच्या सूचना आहेत. ज्याला ही बेरीज ठाऊक नाही, त्याला २० हा ६ पेक्षा भयंकर वाटेल. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे.

सेमग्रेपच्या साध्या स्कॅन आदेशात तर दोष सापडले तरी डीफॉल्टने शून्यच परत येतो. दोष सापडल्यावर वेगळा आकडा हवा असेल, तर ‘एरर’ हा पर्याय सोबत द्यावा लागतो. नुसता आकडा पाहून ‘सगळे ठीक’ म्हणणारा एजंट येथे हमखास फसेल. तिन्ही साधनांच्या पुस्तिकांत या गोष्टी लिहिलेल्या आहेत. प्रश्न एवढाच, की एजंटला जेव्हा गरज पडते तेव्हा ती ओळ त्याच्या समोर येते का?

नावच फसवे असेल तर?

सी भाषेच्या जीसीसी कंपायलरमध्ये ‘डब्ल्यू-ऑल’ नावाचा पर्याय आहे. नावावरून वाटते की तो सगळे इशारे चालू करतो. प्रत्यक्षात तो सगळे इशारे चालू करत नाही. आणखी काही हवे असतील तर ‘डब्ल्यू-एक्स्ट्रा’ आणि इतर पर्याय स्वतंत्रपणे द्यावे लागतात. त्याच कंपायलरमध्ये, कधीच न चालणारा कोड दाखवणारा एक इशारा होता. त्यामागची यंत्रणा पुढे काढून टाकण्यात आली, पण पर्यायाचे नाव जुन्या प्रोग्रॅमच्या सोयीसाठी तसेच राहिले. आजही तो पर्याय दिला तर कंपायलर कुरकुर न करता स्वीकारतो आणि करत काहीच नाही.

हा इशारा किती मोलाचा ठरू शकतो, हे फेब्रुवारी २०१४ मध्ये दिसले. ॲपलच्या आयफोन आणि मॅकमधील सुरक्षित जोडणीच्या कोडमध्ये ‘गोटू फेल’ ही एकच ओळ चुकून दोनदा पडली होती. त्यामुळे पुढचा कोड कधीच चालत नव्हता आणि समोरच्या संकेतस्थळाची ओळख नीट पटवली जात नव्हती. न चालणाऱ्या कोडचा इशारा चालू असता, तर ही ओळ डोळ्यांसमोर येण्याची चांगली शक्यता होती. ‘हा पर्याय आता निष्क्रिय आहे’ असे पुस्तिकेत ठळक लिहिणे, त्यामुळे किरकोळ बाब ठरत नाही.

आवृत्ती बदलली की काय होते?

एप्रिल २०२४ मध्ये ईएसलिंटची नववी आवृत्ती आली. तिने सेटिंग लिहिण्याची पद्धतच बदलली. पूर्वी ‘ईएसलिंटआरसी’ नावाची फाइल असायची. नव्या आवृत्तीत ‘ईएसलिंट कॉन्फिग’ नावाची फाइल हा मुख्य मार्ग झाला आणि जुनी फाइल डीफॉल्टने वाचलीच जात नाही. मधल्या दहा वर्षांत इंटरनेटवर जमलेले असंख्य लेख, व्हिडिओ आणि उत्तरे जुन्या पद्धतीची आहेत, आणि एआय मॉडेल त्यांवरच शिकलेली आहेत. म्हणून एजंट सराईतपणे जुनी फाइल लिहून देतो, साधन अडखळते, आणि विद्यार्थी रात्रभर सेटिंगशी झगडत बसतो.

ईएसलिंटने यासाठी बदलाची वेगळी मार्गदर्शिका दिली आहे. चांगल्या पुस्तिकेची ही एक खूणच म्हणावी लागेल. नवे काय एवढेच न सांगता, जुने काय आता चालणार नाही आणि त्याऐवजी काय लिहायचे, हे ती सांगते.

नसलेली पॅकेज कुठून येतात?

एजंटच्या अंदाजाची किंमत किती मोठी असू शकते, हे अमेरिकेतील विद्यापीठांच्या संशोधकांनी केलेल्या एका अभ्यासातून पुढे आले. २०२५ च्या यूझनिक्स सुरक्षा परिषदेत तो मांडला गेला. १६ मॉडेलकडून पायथॉन आणि जावास्क्रिप्टच्या कोडचे ५ लाख ७६ हजार नमुने लिहून घेण्यात आले. त्यांत सुचवलेल्या पॅकेजपैकी १९.७ टक्के पॅकेज अस्तित्वातच नव्हती. कंपन्यांच्या व्यावसायिक मॉडेलमध्ये हे प्रमाण सरासरी ५.२ टक्के, तर खुल्या मॉडेलमध्ये २१.७ टक्के होते.

यातला धोका असा, की मॉडेल तीच ती खोटी नावे पुन्हा पुन्हा सुचवतात. भामटा अशा नावाचे खरे पॅकेज तयार करून त्यात घातक कोड भरून ठेवू शकतो. एजंटने ते बसवले की चोर स्वतःच्या हाताने घरात घेतल्यासारखे होते. साधनाच्या पुस्तिकेत पॅकेजचे अचूक नाव, बसवण्याचा पूर्ण आदेश आणि आवृत्तीचा क्रमांक पहिल्याच पानावर असेल, तर अंदाजाला जागा कमी उरते.

दर्जा मोजायचा कशावर?

कापूस चांगला की वाईट, हे हातात घेऊन अनुभवी माणूस सांगतो. तरीही खरेदी केंद्रावर मोजमाप होतेच. ओलावा, धाग्याची लांबी, मायक्रोनेअर अशा ठरलेल्या निकषांवर प्रत ठरते. भारतीय कपास महामंडळाच्या हमीभाव खरेदीत ८ टक्के ओलावा प्रमाण मानतात आणि १२ टक्क्यांपुढचा कापूस घेत नाहीत. डॉक्युमेंटेशनचेही तसेच आहे. ‘छान लिहिले आहे’ हे मत झाले. मोजमापासाठी निकष लागतात. एजंटच्या दृष्टीने सहा निकष महत्त्वाचे आहेत.

१) अचूकता : पुस्तिकेतील प्रत्येक आदेश जसाच्या तसा चालवला, तर सांगितलेलाच निकाल येतो का?

२) पूर्णता : सर्व पर्याय, त्यांच्या डीफॉल्ट किमती, एक्झिट कोड आणि त्रुटी संदेशांचे अर्थ दिले आहेत का?

३) सापडण्याजोगी रचना : एका प्रश्नाचे उत्तर एकाच जागी मिळते का, की चार पाने जोडून वाचावी लागतात?

४) ताजेपणा : मजकूर कोणत्या आवृत्तीचा आहे हे पानावर लिहिले आहे का? काय बंद झाले ते सांगितले आहे का?

५) मर्यादांची कबुली : साधन काय करू शकत नाही, कोणत्या भाषा चालत नाहीत, खोटे इशारे कधी येतात, हे लिहिले आहे का?

६) निकालाचे स्वरूप : साधन जो अहवाल देते त्याचा ठरलेला साचा सांगितला आहे का? कोड विश्लेषणाच्या निकालांसाठी ‘सारिफ’ नावाचा मानक साचा ओएसिस या संस्थेने २०२० मध्ये मंजूर केला. साधन तो देत असेल, तर एजंटला मजकुरातून अर्थ उकरावा लागत नाही.

यांतील पाचव्या निकषाकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. आपल्या साधनाचे गुण सगळेच लिहितात. ‘हे जमत नाही’ ही ओळ लिहायला हात धजत नाही. एजंटसाठी मात्र तीच ओळ सर्वांत मोलाची असते, कारण तिच्यामुळे तो थांबतो.

प्रत्यक्ष परीक्षा कशी घ्यायची?

निकषांची यादी हातात घेऊन पुस्तिका वाचणे ही अर्धी तपासणी झाली. उरलेली अर्धी म्हणजे एजंटलाच पेपर देणे. त्याची पद्धत साधी आहे.

आधी एक छोटा प्रकल्प घ्यावा आणि त्यात आपल्याला ठाऊक असलेले दोष मुद्दाम पेरावेत. मग दहा कामे ठरवावीत. साधन बसव, फक्त सुरक्षा दोष दाखव, अमुक फोल्डर वगळ, अहवाल सारिफमध्ये दे, एक खोटा इशारा बंद कर, अशी. त्यांत एक-दोन कामे साधनाला न जमणारी असावीत. उदाहरणार्थ, जी भाषा त्याला येत नाही त्या भाषेतील फाइल तपासायला सांगावी. येथे ‘हे शक्य नाही’ हेच बरोबर उत्तर.

दहा कामे एजंटकडून दोनदा करून घ्यावीत. एकदा पुस्तिका देऊन, एकदा न देता. पुस्तिका न देताही जे काम जमते, त्याचे श्रेय पुस्तिकेला देता येत नाही. मॉडेलला ते आधीच ठाऊक होते. शिवाय तेच मॉडेल त्याच प्रश्नाला दरवेळी सारखे उत्तर देत नाही. म्हणून प्रत्येक काम किमान पाच वेळा करून घ्यावे.

समजा, दहा कामे पाच वेळा, म्हणजे पन्नास प्रयत्न झाले. पुस्तिकेसह ४१ यशस्वी आणि पुस्तिकेविना ३३ यशस्वी ठरले. हे आकडे केवळ समजण्यासाठी आहेत. ‘४१ पैकी ४१ पुस्तिकेमुळे’ असे म्हणणे चूक. पुस्तिकेची भर ८ प्रयत्नांची. पण खरी माहिती फसलेल्या ९ प्रयत्नांत दडलेली असते. एजंट अडला आणि तसे सांगून थांबला, की चुकीचे उत्तर बरोबर म्हणून देऊन मोकळा झाला? पहिल्या प्रकारात वेळ जातो. दुसऱ्या प्रकारात सदोष कोड ग्राहकापर्यंत पोहोचतो. दोन्हींना एकच ‘नापास’चा शिक्का मारला, तर परीक्षेचा हेतूच हरवतो.

यशाबरोबर आणखी दोन गोष्टी नोंदवाव्यात. एजंटला किती फेऱ्या लागल्या आणि किती मजकूर वाचावा लागला. दोन पुस्तिकांनी सारखेच यश दिले, पण एकीत चार फेऱ्या आणि दुसरीत सतरा लागल्या, तर दुसरी महागात पडते. आणि सगळी परीक्षा एकाच कंपनीच्या मॉडेलवर घेऊ नये. एका मॉडेलला जे कळले ते दुसऱ्याला कळेलच असे नाही.

गुण एआयनेच द्यावेत का?

वेळ वाचवण्यासाठी पुस्तिकेला गुण देण्याचे कामही एआयकडेच दिले जाते. ‘दहापैकी किती?’ असे विचारले की आकडा लगेच मिळतो. अडचण अशी, की अशा परीक्षकांचा कल लांबलचक आणि नीटनेटक्या मजकुराकडे झुकतो, हे संशोधनात वारंवार दिसले आहे. आकर्षक मथळे असलेली, पण चुकीचा आदेश देणारी पुस्तिका त्यामुळे पहिल्या वर्गात पास होऊ शकते.

उपाय असा, की आदेश चालला की नाही, पेरलेला दोष सापडला की नाही, हे यंत्राने तपासावे. त्यात मताला जागा नसते. स्पष्टता, क्रम, भाषा अशा बाबींसाठी दोन माणसांनी एकमेकांचे गुण न पाहता नमुन्यादाखल काही पाने तपासावीत. दोघांत मोठा फरक पडला, तर आधी निकष नीट लिहावा. एआयचे गुण हे तिसरे मत म्हणून ठेवायला हरकत नाही.

एजंटसाठी वेगळी पुस्तिका हवी का?

या दिशेने काही प्रयत्न सुरू झाले आहेत. जेरेमी हॉवर्ड यांनी सप्टेंबर २०२४ मध्ये ‘एलएलएम्स टीएक्सटी’ नावाच्या साध्या मजकूर फाइलची कल्पना मांडली. संकेतस्थळावरील महत्त्वाच्या पानांची थोडक्यात यादी तीत एजंटसाठी ठेवायची. २०२५ मध्ये ‘एजंट्स एमडी’ ही फाइल रूढ होऊ लागली. प्रकल्प कसा चालवायचा, चाचणी कशी घ्यायची, कशाला हात लावायचा नाही, हे तीत लिहितात.

पण वेगळी फाइल म्हणजे देखभालीचे वेगळे ओझे. मुख्य पुस्तिका बदलली आणि एजंटची फाइल तशीच राहिली, तर दोघांत विसंगती येते. म्हणून बहुतेक वेळा चांगली मूळ पुस्तिका हाच सोपा मार्ग ठरतो. डॅनिएल प्रोचिडा यांनी मांडलेली ‘डायटॅक्सिस’ पद्धत येथे उपयोगी पडते. तीत डॉक्युमेंटेशनचे चार भाग केले आहेत : शिकवणी, कामाची कृती, संदर्भ आणि स्पष्टीकरण. नवशिक्याला शिकवणी लागते. एजंटला बहुतेक वेळा संदर्भ आणि कृती लागते. चारही एका पानावर कालवले, की दोघांचीही पंचाईत होते.

एक सावधगिरी मात्र हवी. एजंट पुस्तिका वाचून तिच्याप्रमाणे वागतो, त्यामुळे पुस्तिकेत कोणी खोडसाळ सूचना पेरली तर ती पाळली जाण्याचा धोका असतो. याला प्रॉम्प्ट इंजेक्शन म्हणतात. अनोळखी ठिकाणची पुस्तिका एजंटला देणे, म्हणजे अनोळखी माणसाला कामावर सूचना देण्याचा अधिकार देणे.

वऱ्हाडाशी याचा संबंध काय?

पुस्तिका वाचणाऱ्यापर्यंत पोहोचली नाही तर काय होते, हे या भागाने फार मोठी किंमत देऊन पाहिले आहे. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजुरांचे बळी गेले, शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. चौकशीसाठी अमरावती विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली विशेष तपास पथक नेमावे लागले. त्या दुर्घटनेची कारणे अनेक होती आणि तिची तुलना सॉफ्टवेअरशी होऊ शकत नाही. पण कीटकनाशकाच्या डब्याचा एक धडा येथे घेण्यासारखा आहे. बारीक अक्षरांतील पत्रक कुणी वाचो न वाचो, डब्यावरील लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा त्रिकोण विषाची तीव्रता एका नजरेत सांगतो. कायद्याने तो बंधनकारक आहे. सर्वांत धोक्याची माहिती सर्वांत आधी आणि एकाच ठरलेल्या खुणेने सांगायची, हे तत्त्व साधनाच्या पुस्तिकेलाही लागू पडते.

दुसरा संबंध शेतीच्याच एआयचा. राज्य सरकारने २०२५ मध्ये ‘महाविस्तार’ हे एआयवर आधारित ॲप शेतकऱ्यांसाठी आणले आणि ‘महाॲग्री-एआय’ धोरण २०२५-२०२९ मंजूर केले. अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ १९६९ मध्ये स्थापन झाले. तेव्हापासून झालेल्या शिफारशींत दहा लिटर पाण्यात किती मिली, कोणत्या अवस्थेत, काढणीच्या किती दिवस आधी थांबायचे, असे तपशील असतात. शिफारस बदलली आणि जुना कागद तसाच यंत्राच्या हाती राहिला, तर सल्ला जुनाच मिळेल. ईएसलिंटच्या फाइलची गोष्ट आणि ही गोष्ट मुळात एकच आहे. शेतात मात्र चूक पिकावर पडते.

तिसरा संबंध थेट पैशांचा. पतसंस्था, शाळा, दवाखाने यांच्या सॉफ्टवेअरमध्ये लोकांची वैयक्तिक माहिती असते. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ नुसार माहितीच्या सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. ‘एजंटने दोष नाही असे सांगितले होते’ हे उत्तर ना नियामकाला पटेल, ना खातेदाराला.

आता काय करता येईल?

कोडसाठी एजंट वापरणाऱ्याने त्याच्या निर्वाळ्यासोबत तीन गोष्टी मागाव्यात : चालवलेला पूर्ण आदेश, साधनाची आवृत्ती आणि परत आलेला एक्झिट कोड. शिवाय कामाच्या सुरुवातीला एक ठाऊक असलेला दोष कोडमध्ये ठेवून पाहावा. साधनाला तोही सापडला नाही, तर तपासणी झालेलीच नाही असे समजावे. दोन मिनिटांचे हे काम पुष्कळ मनस्ताप वाचवते.

स्वतःचे साधन किंवा ॲप बनवणाऱ्यांनी पहिल्या पानावर पाच ओळी लिहाव्यात : हे काय करते, काय करत नाही, कसे बसवायचे, निकाल कसा वाचायचा आणि हा मजकूर कोणत्या आवृत्तीचा आहे.

अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी तर हा तयार प्रकल्प आहे. एखादे मोफत साधन निवडावे, वर सांगितलेली दहा कामांची परीक्षा घ्यावी, एजंट जिथे फसला ती पाने शोधावीत आणि दुरुस्ती मूळ प्रकल्पाकडे पाठवावी. खुल्या सॉफ्टवेअरमध्ये डॉक्युमेंटेशनच्या दुरुस्त्या बाहेरच्या लोकांकडूनही घेतल्या जातात. त्यासाठी महागडा संगणक लागत नाही, की पुण्याला जावे लागत नाही. लागते ते काटेकोर वाचन आणि ‘हे लिहिलेले खरेच चालते का’ हे स्वतः करून पाहण्याची चिकाटी. मराठीतून शिकून इंग्रजी पुस्तिकांशी झगडणाऱ्या विद्यार्थ्याला कुठे अडते, हे त्याच्याइतके दुसऱ्या कुणाला ठाऊक नसते. एजंटही बऱ्याचदा तिथेच अडतो.